मुलाच्या मनाचा डॉक्टर मुंबईत कसा गाठायचा: घरी वेगळी बोली बोलणाऱ्या कुटुंबांसाठी

माझा धाकटा साडेपाच वर्षांचा होता तेव्हा बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की याची समज कमी आहे, याला वेगळ्या शाळेत घाला. आम्ही बंजारा, घरी गोरमाटी बोलतो. पुसदजवळच्या तांड्यावरून मुंबईत येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, मी दोन घरची धुणीभांडी करायचे. बाईंनी सांगितलं त्या दिवसापासून मुलाचं नेमकं काय आहे हे कळेपर्यंत चौदा महिने गेले. त्यातले आठ-नऊ महिने नुसते वाया गेले. ते का गेले हे मला आता कळलंय, म्हणून हे लिहिते आहे.

बंजारा, पारधी, वडार, कैकाडी, आरेतले वारली, धारावीतले तमिळ, शिवाय नेपाळहून किंवा ईशान्येकडून आलेली माणसं, ज्यांच्या घरात मराठी-हिंदी ही दुसरी भाषा आहे, त्या सगळ्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल.

१. आधी बघा, थांबायला वेळ आहे का

मूल जीव द्यायची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल, दोन-तीन दिवस खात-झोपत नसेल, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणत असेल किंवा त्याला फिट आली असेल, तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका. केईएम, शीव, नायर, कूपर, जेजे, यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री-अपरात्रीसुद्धा जा.

फोनवर बोलायचं असेल तर टेली मानसचा नंबर १४४१६. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते आणि फुकट आहे. मराठी, हिंदीबरोबर तेलुगू, तमिळ अशा भाषांतही बोलता येतं. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात, तेव्हा गडबडून फोन ठेवू नका. मुलाला कोणी मारहाण करत असेल, त्याच्याशी वाईट वागत असेल, तर १०९८.

२. पंधरा दिवस एक वही लिहा

डॉक्टरांसमोर बसलं की तोंडातून एवढंच निघतं, "खूप त्रास देतो." त्यातून त्यांना काही कळत नाही. म्हणून घरी साधी वही करा. रोज दोन-तीन ओळी पुरतात: काय झालं, कधी झालं, किती वेळ चाललं, त्याआधी काय घडलं होतं. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीला सांगा, नाहीतर मोबाइलवर बोलून ठेवा. मूल खेळताना, चिडताना, आपल्या बोलीत आजीशी गप्पा मारताना दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा. ते आजीशी बोलतानाचे व्हिडिओ नक्की काढा. पुढे सहाव्या पायरीत त्याचं काम पडणार आहे.

एक गोष्ट वहीत वेगळी लिहा. शाळेत, नळावर, गल्लीत मुलाला जातीवरून कोणी काही बोलतं का? आमच्या वस्तीतल्या एका पारधी मुलाला वर्गात पेन्सिल हरवली की आधी त्याचंच दप्तर उघडायचे. तो शाळेचं नाव काढलं की उलटी करायचा. घरच्यांनी पोटाची औषधं केली, उतारा काढला, सगळं केलं, पण दप्तराची गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच नाही. लाज वाटली त्यांना. ती गोष्ट ऐकल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरला त्या उलटीचं कारण सापडणार नव्हतं.

३. पिशवीत काय काय हवं

- मुलाचं आणि आई किंवा बापाचं आधार, रेशनकार्ड
- जन्माचा दाखला, आणि बाळंतपणाच्या वेळी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड
- आधीचे सगळे केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट
- शाळेतल्या वह्या, प्रगतिपुस्तक आणि जमलं तर बाईंची चिठ्ठी
- वही, व्हिडिओ असलेला चार्ज केलेला मोबाइल
- पाण्याची बाटली, खाऊ, मुलाचं आवडतं एखादं खेळणं

जातीचा दाखला उपचारासाठी लागत नाही. आमच्या ओळखीतली एक बाई तो मिळेपर्यंत सात महिने थांबली, कारण कोणीतरी तिला सांगितलं होतं की त्याशिवाय सरकारी दवाखान्यात घेत नाहीत. जन्माचा दाखला किंवा आधार नसेल तरीही जा. कागद मागून करता येतात, मुलाचं वय मात्र पुढे सरकत राहतं.

४. कुठे जायचं

महापालिकेची मोठी रुग्णालयं म्हणजे परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, आणि विलेपार्ल्याचं कूपर. भायखळ्याचं जेजे राज्य सरकारचं. या ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. परळलाच केईएमच्या शेजारी लहान मुलांचं वाडिया रुग्णालय आहे. मुलांच्या मनाच्या तक्रारी बघणाऱ्या विभागाला बऱ्याच ठिकाणी बाल मार्गदर्शन केंद्र किंवा चाइल्ड गायडन्स क्लिनिक म्हणतात. हे नाव मुंबईला नवीन नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्येच इथे असं केंद्र सुरू केलं होतं.

मूल लहान असेल आणि बोलतच नसेल, तर आधी बालरोग विभागात जा आणि कान तपासून घ्या. ही पायरी गाळू नका. कमी ऐकू येणारं मूल हाक मारली तरी बघत नाही आणि लोक त्याला स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, ठरवून मोकळे होतात. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ऐकणं आणि बोलणं हेच तिचं काम.

जवळच्या 'आपला दवाखाना' नावाच्या सरकारी दवाखान्यातून किंवा महापालिकेच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन गेलात तर कुठल्या विभागात जायचं हे आधीच कळतं आणि खिडकीवरची विचारपूस वाचते.

५. पहिल्या दिवशी

कामाचा एक दिवस बुडणार हे धरूनच निघा. केसपेपरची खिडकी सकाळी असते, तेव्हा पहिल्या लोकलने जा. आधी विचारा, "लहान मुलांच्या मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते?" रोज मानसोपचार चालू असला तरी मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी ठरावीक वार असतात. चुकीच्या वारी गेलात तर परत पाठवतात, आणि दोन वेळा असं झालं की आपली माणसं तिसऱ्यांदा जातच नाहीत.

पाटीवर 'मानसोपचार' वाचून पाय अडखळतात. आमच्याकडे त्याला मेंटलचा डॉक्टर म्हणतात. माझ्या सासूबाई दारातूनच परत फिरल्या होत्या, कोणी तांड्यावरचं बघेल म्हणून. आत गेलात तर दिसेल, बाकावर आपल्यासारखीच माणसं बसलेली असतात. कोणाचं मूल परीक्षेला घाबरतं, कोणाचं अंथरूण ओलं करतं.

आत वेगवेगळी माणसं भेटतील, त्यांची कामं समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध तेच देतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलून उपचार करतात. स्पीच थेरपिस्ट बोलण्यावर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हातापायाच्या हालचाली, बसणं, लक्ष, रोजची कामं यांवर काम करतात. आणि समाजसेवा विभागात समाजसेवक असतात. पैशांची अडचण असेल तर सरळ त्यांच्या खोलीत जा. गरिबांसाठी पुअर बॉक्सचा निधी असतो आणि कोणत्या तपासणीला सूट मिळेल हे तेच सांगतात. मला ही खोली पाचव्या फेरीत कळली.

डॉक्टर मुलाच्या जन्मापासूनचं विचारतील. जन्मल्यावर लगेच रडलं का, मान कधी धरली, बसलं कधी, चाललं कधी, पहिला शब्द कोणता. घरी बसून आधीच आठवून ठेवा. आणि पहिला शब्द तुमच्या बोलीतला असेल तर तोच सांगा. माझा मुलगा अकराव्या महिन्यात 'याडी' म्हणाला, म्हणजे आई. मी डॉक्टरांना सांगितलं की तो दोन वर्षांपर्यंत काही बोलला नाही. कारण मला वाटलं ते मराठी शब्दांबद्दलच विचारताहेत.

६. घरची भाषा केसपेपरवर लिहून घ्या

माझे वाया गेलेले महिने इथेच गेले.

बाईंनी सांगितल्यावर आम्ही घाबरून एका खाजगी ठिकाणी बुद्ध्यंकाची चाचणी केली. तिथल्या मॅडमनी मुलाला चित्रं दाखवली, मराठीत प्रश्न विचारले. भाकरीला आमच्यात बाटी म्हणतात. भाकरीचं चित्र बघून तो 'बाटी' म्हणाला आणि ते चूक धरलं गेलं. मग तो गप्प झाला. उरलेला वेळ त्याने टेबलाची कड खरवडत काढला. रिपोर्ट आला: बौद्धिक अक्षमता, मध्यम. तो कागद घेऊन आम्ही शाळेत गेलो आणि शाळेने त्याला मागच्या बाकावर बसवला.

पुढे एका सरकारी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी काय बोलता?" मी म्हणाले, गोरमाटी. त्यांनी समोरची प्रश्नपत्रिका बाजूला ठेवली. लाकडी फळी काढली, तिच्यात गोल, चौकोन, चांदणी असे आकार बसवायचे असतात. मला म्हणाल्या, काय करायचंय ते तुम्ही त्याला तुमच्या भाषेत सांगा. त्याने भराभर बसवले. मग रंगीत नक्षीच्या चौकटी दाखवल्या, प्रत्येक नक्षीत एक तुकडा कमी असतो, तो ओळखायचा. त्यानंतर घरी तो स्वतः काय काय करतो ते मला विचारलं. मी सांगितलं, तो एकटा दुकानातून दूध आणतो आणि सुट्टे पैसे मोजून घेतो. माझ्या मोबाइलमध्ये तो आजीला गोष्ट सांगतानाचा व्हिडिओ होता, तो त्यांनी दोनदा बघितला. त्याची बुद्धी वयाप्रमाणेच निघाली. त्याला एडीएचडी होता, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. शिवाय मराठीत बोललो तर हसतील या भीतीने त्याने वर्गात तोंड मिटलं होतं. त्या दिवशी मी ओपीडीच्या जिन्यात बसून रडले.

या चाचण्यांची नावं कानावर असू द्या. आपल्याकडे बिने-कामत चाचणी खूप वापरतात. तिच्यात बोलून उत्तर द्यायच्या गोष्टी बऱ्याच असतात. सेग्विन फॉर्म बोर्ड म्हणजे ती लाकडी फळी, आणि नक्षीच्या चौकटी म्हणजे रेव्हनची रंगीत चाचणी, या दोन्हींत मुलाला बोलावं लागत नाही. घरातलं वागणं आईबापाला विचारून तपासतात ती व्हाइनलँड. कोणती चाचणी घ्यायची हे तज्ज्ञच ठरवतील, आपण त्यांना शिकवायला जायचं नाही. पण मुलाला कोणती भाषा समजते हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

म्हणून पहिल्याच भेटीत हे वाक्य बोला: "घरची भाषा गोरमाटी आहे, मराठी तो शाळेत दोन वर्षांपासून ऐकतो. कृपया केसपेपरवर लिहा." भाषेचं नाव नीट सांगा. "आमची भाषा हिंदीसारखीच" असं म्हणू नका. वडारी तेलुगूच्या जवळची आहे, कैकाडी तमिळच्या. पारधी बोली ऐकायला गुजरातीसारखी वाटते. गोरमाटी राजस्थानीच्या घरातली. एकदा लिहिलं गेलं की पुढे डॉक्टर बदलले तरी ते कागदावर राहतं. मोठ्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर बदलत असतात, त्यामुळे याचा उपयोग होतो.

मराठी न येणं आणि बोलायलाच न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल स्वतःच्या बोलीतही वयाप्रमाणे बोलत नसेल तर ती काळजीची गोष्ट आहे आणि तेही तितकंच स्पष्ट सांगा. काही मुलांना बौद्धिक अक्षमता खरोखर असते. तेव्हा भाषेच्या आड लपून ते नाकारू नका, कारण लवकर सुरू केलेल्या थेरपीने मूल पुष्कळ शिकतं.

७. दुभाष्या कोण असावा

तुम्हाला स्वतःला मराठी किंवा हिंदी नीट येत नसेल तर सोबत कोणाला न्यायचं हे विचारपूर्वक ठरवा. शाळेत जाणाऱ्या मोठ्या बहिणीला दुभाषी करू नका. बाप पितो, आईला मारतो, असलं काही त्या पोरीने डॉक्टरांना कसं सांगावं? आणि ती सांगणार नाही, गाळेल. शेजारणीला नेलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. आरोग्य खात्याची आशा सेविका, वस्तीत काम करणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती, किंवा नात्यातली शिकलेली आणि पोटात गोष्ट ठेवणारी मावशी-आत्या बरी. तिला आधीच सांगा की डॉक्टर बोलतील ते जसंच्या तसं सांग, आपलं काही घालू नकोस.

हक्काचं बोलायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आपल्या बाजूने आहे. त्याचं कलम १८ सांगतं की जात, धर्म, संस्कृती, वर्ग यांवरून भेदभाव न करता ही सेवा मिळाली पाहिजे. कलम २२ प्रमाणे आजार काय, उपचार काय, हे आपल्याला समजेल अशा भाषेत कळायला हवं. कलम २३ प्रमाणे आपली माहिती गुप्त राहिली पाहिजे. खिडकीवर कायदा सुनावून भांडण उकरू नका, मात्र कोणी "तुम्हा लोकांना सांगून काय कळणार" म्हणालं तर समाजसेवा विभागात किंवा विभागप्रमुखांकडे लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या.

गुप्ततेला एक अपवाद आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना आणि समुपदेशकांना पोलिसांत कळवावंच लागतं. त्या भीतीने मुलाची गोष्ट दाबू नका. आधी माहीत असावं म्हणून सांगितलं.

८. औषध, थेरपी आणि नवस

गोळी सगळ्यांनाच देत नाहीत. दिली तर चार गोष्टी विचारा: कशासाठी, कधी द्यायची, काय त्रास होऊ शकतो, किती दिवस. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. माझ्या जाऊबाईंनी फिटच्या गोळ्या अशाच थांबवल्या आणि मुलीला पुन्हा फिट आली.

थेरपी आठवड्यातून एकदा अर्धा तास मिळाली तरी बाकीचं घरीच करायचं असतं. थेरपिस्टला सांगा, "हे घरी कसं करायचं ते मला करून दाखवा, मी व्हिडिओ काढते." तिथली महागडी खेळणी नसली तरी चालतं. डाळ-तांदूळ निवडणं, बटणं ओवणं, कणकेचे गोळे करणं हे सगळं त्यात येतं. आणि घरात आपली बोली सोडू नका. मला एकाने सल्ला दिला होता की घरात फक्त मराठी बोला. आम्ही महिनाभर केलं. आजीला मराठी येत नाही, तेव्हा मुलगा आजीशीही बोलायचा थांबला. नंतर स्पीच थेरपिस्ट ताईंनी सांगितलं की ज्या भाषेत तुम्ही मनमोकळं बोलता त्याच भाषेत बोला, दोन भाषांनी मूल बिघडत नाही.

पोहरादेवीला आम्ही नवस बोललो होतो, तो फेडलाही. भगताकडे, दर्ग्यावर, कुठेही तुमची श्रद्धा असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगा. पण डाग देणं, उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं हे काही केल्या होऊ देऊ नका, आणि तारीख चुकवू नका.

९. दिव्यांगत्वाचा दाखला लागला तर

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार हे त्यात येतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि केसपेपर लागतात. सायबरवाल्याकडून भरलात तर मुलाचं नाव आधारवर आहे तसंच आहे का हे स्वतः वाचा, आमच्यात नावापुढे राठोड, चव्हाण, पवार लावताना फार घोळ होतात. दलाल "पैसे द्या, टक्के वाढवून देतो" म्हणतात. त्यांच्या नादी लागू नका.

वाचन-लेखन-गणित अडणाऱ्या मुलांचा अध्ययन अक्षमतेचा दाखला ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात. १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासतात. तो असला की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. इथेही भाषेचा मुद्दा आठवा: मूल शाळेच्या भाषेत किती वर्षं शिकतंय हे सांगा. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्य विम्याबद्दल समाजसेवकांना विचारा. त्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा धरतात.

दाखला घेतला म्हणजे मुलावर शिक्का बसेल असं नवऱ्याला वाटायचं. दाखला शाळेला दाखवायचा की नाही, कधी दाखवायचा, हे तुमच्या हातात आहे.

१०. गावी जाताना

होळीला आम्ही सगळे तांड्यावर जातो. कोणी ऊसतोडीला जातं, कोणी वीटभट्टीवर. फाइल मुंबईत राहते, गोळ्या संपतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जायच्या आधीच्या भेटीत तीन गोष्टी मागा: परत येईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या, निदान आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी, आणि परतल्यावरची तारीख. सगळ्या कागदांचे फोटो काढून नवऱ्याच्या आणि भावाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. गावाकडे जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. लहान मुलांच्या थेरपीसाठी तिथेच डीईआयसी म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. ऊसतोडीच्या फडावर जाणार असाल तर कोणत्या तालुक्यात जाताय ते डॉक्टरांना सांगा, आणि चिठ्ठीवर मुलाची भाषा लिहिली आहे का ते बघूनच दाराबाहेर पडा.